मेंदूतली गाठ आणि हृदयातली बुरशी

मिशनच्या आरोग्य निधीकडे येणारे अर्ज बहुतेक ओळखीचे असतात. क्षयरोग, बाळंतपणानंतरचा रक्तक्षय, सर्पदंश, कुपोषित मूल, चुलीत भाजलेला हात. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या तालुक्यांत काम करणाऱ्या आपल्या बंधुभगिनींना हे आजार तोंडपाठ आहेत. पण मधूनच एखादा अर्ज असा येतो की तो वाचताना सगळेच थबकतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'मेंदूत गाठ' असे लिहिलेले असते, किंवा क्वचित 'हृदयाच्या झडपेला बुरशी'. प्रार्थनासभेत अशी विनंती वाचून दाखवली की पुढचे प्रश्न ठरलेले. बुरशी भाकरीला येते, भिंतीला येते. ती हृदयाला कशी येईल? आणि मेंदूत गाठ म्हणजे कॅन्सरच ना? मग उगाच खर्च करून काय उपयोग?

पहिला प्रश्न कुतूहलाचा आहे. दुसरा धोक्याचा आहे, कारण त्याचे उत्तर पुष्कळदा 'नाही' असते, आणि ते उत्तर न शोधताच रुग्णाला घरी परत नेले जाते. म्हणून गाठीपासून सुरुवात करू.

डोक्याची कवटी ही बंद पेटी आहे. पोटात गाठ वाढली तर पोट पुढे येते, गळ्यात वाढली तर दिसते. कवटीच्या आत मात्र जास्तीची जागाच नसते. तिथे लिंबाएवढी गाठ झाली की मेंदूवर दाब येतो, आणि गाठ कॅन्सरची नसली तरी हा दाब माणसाला मारू शकतो. त्यामुळे मेंदूच्या बाबतीत 'साधी गाठ' या शब्दाला फारसा अर्थ उरत नाही. ती साधी असली तरी काढावी लागते, आणि काढली की माणूस पुष्कळदा पूर्ण बरा होतो.

दाबाच्या खुणा ओळखायला डॉक्टरच लागतो असे नाही. डोकेदुखी सगळ्यांनाच होते, पण ही डोकेदुखी सकाळी उठताना जास्त असते, आठवड्यागणिक वाढत जाते आणि तिच्याबरोबर उलटी होते. उलटी झाली की थोडा वेळ बरे वाटते. लहान मुलांत मेंदूच्या मागच्या भागात, म्हणजे तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूत, गाठी होण्याचे प्रमाण मोठ्या माणसांपेक्षा जास्त असते. असे मूल चालताना झोकांड्या खाते, कप धरताना हात थरथरतो, एक डोळा तिरपा होतो, एकाचे दोन दिसतात. आश्रमशाळेत गुरुजी म्हणतात, 'अभ्यासात मागे पडला.' घरी म्हणतात, 'पित्त झाले.' उलटीवर गोळ्या मिळत राहतात आणि दोन-तीन महिने निघून जातात. मोठ्या माणसात पहिली खूण बऱ्याचदा झटका असते. आयुष्यात कधी फिट न आलेल्या चाळिशीच्या माणसाला अचानक फिट आली, तर त्याचा सीटी स्कॅन किंवा एमआरआय झालाच पाहिजे. यात 'बघू पुढच्या महिन्यात' चालत नाही.

मेंदूच्या खऱ्या गाठी तशा विरळ आहेत. आपल्या देशात दर लाख लोकांमागे वर्षाला ५ ते १० जणांना त्या होतात, असा अंदाज दिला जातो. त्यातही सगळ्या सारख्या नसतात. मेंदूच्या आवरणातून वाढणारी मेनिंजिओमा नावाची गाठ वर्षानुवर्षे हळूहळू वाढते आणि बहुधा कॅन्सरची नसते. मुलांच्या लहान मेंदूतल्या काही गाठी शस्त्रक्रियेने पूर्ण निघाल्या की मूल शाळेत परत जाते. काही गाठींना शस्त्रक्रियेनंतर रेडिएशन आणि केमोथेरपी द्यावी लागते, आणि त्यातलीही बरीच मुले वाचतात. प्रौढांतली ग्लिओब्लास्टोमा मात्र निष्ठुर असते. सगळे उपचार करूनही बहुतेकांना वर्ष-दीड वर्षच मिळते. हे सगळे वेगवेगळे आजार एकाच 'मेंदूत गाठ' या शब्दाखाली येतात. अर्जावर एवढाच शब्द असेल तर समिती तरी काय ठरवणार?

गाठ दिसते, पण ती गाठ नसते

आदिवासी भागात काम करणाऱ्यांनी सगळ्यात जास्त लक्षात ठेवावी अशी गोष्ट आता सांगतो. स्कॅनमध्ये गोल ठिपका किंवा अंगठीसारखी कडा दिसली म्हणजे ट्यूमरच असतो असे नाही. आपल्या देशात तो ठिपका क्षयाचा असू शकतो. क्षय फुप्फुसालाच होतो असा समज आहे, पण तो मेंदूतही गाठ करतो. ती गाठ क्षयाच्या औषधांनीच विरघळते. फक्त औषधे फुप्फुसाच्या क्षयापेक्षा जास्त काळ, वर्षभर किंवा त्याहूनही अधिक, घ्यावी लागतात.

दुसरी शक्यता डुकराच्या फीतकृमीची. यात एक गैरसमज इतका पक्का आहे की तो मोडायला मुद्दाम जागा देतो. नीट न शिजलेले डुकराचे मांस खाल्ले तर आतड्यात फीतकृमी होतो, एवढे खरे. मेंदूतला आजार मात्र मांसाने होत नाही. तो होतो त्या कृमीची अंडी पोटात गेल्याने. ज्याच्या आतड्यात कृमी आहे त्याच्या शौचातून अंडी बाहेर पडतात आणि न धुतलेल्या हातावरून, उघड्यावरच्या पाण्यातून, कच्च्या भाजीतून दुसऱ्याच्या पोटात जातात. तिथून अळी रक्तावाटे मेंदूत पोचते, तिथे एक बारीक पिशवी करून बसते, आणि ती अळी मरू लागली की भोवती सूज येऊन फिट येते. म्हणूनच जन्मभर मांसाला न शिवलेल्या माळकऱ्यालाही हा आजार होतो, आणि डुकरे पाळणाऱ्या घरात एखाद्याला कधीच होत नाही. एखाद्या समाजाच्या खाण्यापिण्याकडे बोट दाखवून हा प्रश्न सुटत नाही. तो संडास, पाणी आणि हात धुणे यांचा आहे.

हे ज्ञान आपल्याकडे कसे आले, यात मिशनच्या कामाचाही वाटा आहे. आयडा स्कडर यांनी वेल्लोरला १९०० साली एका खाटेवर दवाखाना सुरू केला. त्याच ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. जेकब चांडी यांनी १९४९ साली मेंदूच्या शस्त्रक्रियेचा देशातला पहिला विभाग उभारला. पुढे सीटी स्कॅनची यंत्रे आली, तेव्हा भारतातल्या फिट येणाऱ्या रुग्णांच्या मेंदूत एकच लहानसा ठिपका वारंवार दिसू लागला. बहुतेक डॉक्टर तो क्षयाचा मानत आणि वर्षभर क्षयाची औषधे देत. काही महिन्यांनी ठिपका गेला की औषधे लागू पडली असे वाटे. वेल्लोरच्या डॉ. मॅथ्यू चांडी, डॉ. वेदांतम राजशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही रुग्णांतले असे ठिपके शस्त्रक्रियेने काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तर त्यांत फीतकृमीची अळी निघाली. १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात त्यांनी हे मांडले. यानंतर हळूहळू नियम बसत गेले. ठिपका एकच असेल, २० मिलिमीटरपेक्षा लहान असेल, डोक्यात दाब वाढल्याच्या खुणा नसतील, हातापायाची शक्ती कमी होत चाललेली नसेल आणि शरीरात दुसरीकडे क्षय वा कॅन्सर नसेल, तर कवटी उघडण्याची घाई करायची नाही. फिटची गोळी सुरू करायची, डॉक्टर म्हणतील तर कृमीचे औषध द्यायचे आणि काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन करायचा. पुष्कळ वेळा तोपर्यंत ठिपका नाहीसा झालेला असतो किंवा चुन्याचा कण तेवढा उरलेला असतो.

कित्येक माणसे एका मोठ्या शस्त्रक्रियेपासून वाचली, कित्येक नको असलेल्या वर्षभराच्या औषधांपासून. माझ्या मते गेल्या शतकातल्या मिशन रुग्णालयांच्या कामात ही गोष्ट मोठ्या इमारतींच्या बरोबरीने सांगितली पाहिजे, पण ती क्वचितच सांगितली जाते.

तिसरी शक्यता पूची. जन्मतः हृदयात दोष असलेली काही मुले निळी पडतात. ओठ, नखे जांभळी दिसतात, खेळताना दम लागला की मूल मध्येच उकिडवे बसते. निरोगी माणसात शरीरातून परत आलेले रक्त आधी फुप्फुसांतून जाते आणि फुप्फुसे त्यातले बरेच जंतू गाळून घेतात. या मुलांत काही रक्त फुप्फुसांत न जाता सरळ शरीराकडे निघते, गाळणी चुकते आणि जंतू मेंदूत पोचून पूची गाठ होते. स्कॅनवर तीही अंगठीसारखी दिसते. अशा मुलाला डोकेदुखी, ताप आणि फिट आली की तासांचा हिशेब असतो. ओठ निळे आहेत ही गोष्ट आईने किंवा आशाताईने डॉक्टरांना सांगितली तर निदान लवकर होते. म्हणून ती सांगायला शिकवा.

फिट, भगत आणि आपण

फिट आली की पाड्यावर काय होते ते सगळ्यांना माहीत आहे. कुणी कांदा हुंगवतो, कुणी चप्पल नाकाला लावतो, कुणी हातात लोखंडाची किल्ली देतो. फिट दोन-तीन मिनिटांत आपली आपण थांबते आणि श्रेय कांद्याला जाते. मग भगताकडे नेतात. भगतावर राग काढण्यात अर्थ नाही. तो रात्री दोन वाजता येतो, पैसे उधार ठेवतो आणि घरच्यांशी त्यांच्या भाषेत बोलतो. यातले पहिले आणि तिसरे आपल्याला जमते का, हा प्रश्न आपण स्वतःला विचारावा. काही ठिकाणी भगतांशी बसून बोलल्यावर तेच रुग्णाला 'माझा अंगारा घे आणि दवाखान्यातही जा' असे सांगू लागतात, आणि ते पुरेसे आहे.

अवघड गोष्ट आपल्या मंडळीतली आहे. मार्कच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात एक बाप आपल्या मुलाला येशूकडे आणतो. मुलगा जमिनीवर पडतो, तोंडाला फेस येतो, तो कधी विस्तवात तर कधी पाण्यात पडतो. पाड्यावरच्या चुली आणि विहिरी पाहिलेल्या कोणालाही हे वर्णन वाचून काटा येतो. या उताऱ्याचा आधार घेऊन काही सभांमध्ये फिट येणाऱ्या मुलाच्या गोळ्या बंद करायला सांगतात. गोळी एकदम थांबवली की फिट नुसती परत येत नाही, ती एकामागून एक, न थांबता येऊ शकते, आणि त्यात मूल दगावते. प्रार्थना करावी, जरूर करावी, गोळी चालू ठेवून करावी. लूक स्वतः वैद्य होता, हे आपण विसरू नये.

फिट चालू असताना करायचे ते थोडके आहे. माणसाला कुशीवर वळवा, चूल आणि पाण्यापासून दूर घ्या, गळ्याजवळचे कपडे सैल करा, तोंडात चमचा, पाणी, बोट काहीही घालू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ला फोन करा.

आता बुरशी

हृदयात चार झडपा असतात. घराच्या दारासारख्या त्या दिवसातून लाखभर वेळा उघडतात आणि मिटतात. झडपेच्या आतल्या अस्तराला जंतू चिकटले की तिथे वाढ सुरू होते, तिला डॉक्टर एंडोकार्डायटिस म्हणतात. धडधाकट, गुळगुळीत झडपेला जंतू सहसा चिकटत नाहीत. खडबडीत झालेली, खराब झालेली किंवा शस्त्रक्रियेने बसवलेली कृत्रिम झडप मात्र त्यांना धरून ठेवते. हे जंतू बहुतेक वेळा जीवाणू असतात. बुरशीमुळे झालेला आजार या सगळ्यांत शंभरात एक-दोन, इतका विरळ. पण तो झाला की निम्मे किंवा त्याहून जास्त रुग्ण उपचार करूनही वाचत नाहीत.

ही बुरशी येते कुठून? कँडिडा ही आपल्या तोंडात आणि आतड्यात मुळातच राहते. तान्ह्या बाळाच्या जिभेवर दह्यासारखा पांढरा थर येतो तो तिचाच. एरवी ती निरुपद्रवी. ॲस्परजिलस हवेत असते, धुळीत, ओल्या धान्यात, जुनी भिंत पाडताना उडणाऱ्या मातीत. आपण तिचे कण रोज श्वासातून घेतो आणि शरीर त्यांचा बंदोबस्त करते. म्हणजे भाकरीवरची बुरशी खाल्ली म्हणून हृदयाला बुरशी लागत नाही. ती लागते ती शरीराचे राखणदार झोपले असताना आणि आत जायला दार उघडे असताना. आणि ते दार बहुतेक वेळा औषधोपचारानेच उघडलेले असते. मोठ्या शिरेत आठवडेच्या आठवडे राहिलेली नळी, दीर्घकाळ दिलेली अँटिबायोटिक्स, स्टेरॉइड, केमोथेरपी, हृदयाची शस्त्रक्रिया. कमी दिवसांचे, वजन न भरलेले बाळ नळीवर जगवले जाते, त्यालाही हा धोका असतो. नशेची इंजेक्शने घेणाऱ्यांनाही.

इथे लेखातले दोन्ही आजार एकमेकांना भेटतात. मेंदूत गाठ असलेल्या रुग्णाला सूज उतरवण्यासाठी स्टेरॉइड देतात. त्याने बुद्धी आणि दृष्टी वाचते, पण प्रतिकारशक्ती उतरते. मग शस्त्रक्रिया, अतिदक्षता विभाग, शिरेतली नळी, न्यूमोनिया झाल्यास भारी अँटिबायोटिक्स, कधी केमोथेरपी. यातली प्रत्येक पायरी गरजेची असते, आणि प्रत्येक पायरीला बुरशीची वाट थोडी थोडी मोकळी होते. गाठ निघाली, जखम भरली आणि महिन्याभराने ताप उतरत नाही, अशी ही दुर्मिळ गोष्ट असते. उलट दिशेनेही घडते. झडपेवरची बुरशीची वाढ जीवाणूंच्या वाढीपेक्षा बऱ्याचदा मोठी आणि ठिसूळ असते. तिचा तुकडा सुटून मेंदूत गेला तर लकवा होतो किंवा तिथे गाठ तयार होते, आणि स्कॅन पाहणारा पहिल्यांदा ट्यूमर म्हणतो. तुकडा पायाच्या धमनीत अडकला तर पाय एकाएकी थंड आणि पांढरा पडतो, भयंकर दुखतो. कधी कधी तिथून काढलेल्या गुठळीतच बुरशी सापडते आणि मूळ आजार हृदयात आहे हे तेव्हा कळते. रक्तातले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत कँडिडा पुष्कळदा सापडते, पण ॲस्परजिलस क्वचितच. त्यामुळे ताप महिना महिना चालतो, रिपोर्ट 'काही नाही' येतो, आणि माणूस झिजत जातो. झडपेवरची वाढ दिसते ती टूडी इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत.

उपचार दोन पायांवर उभा असतो. एक म्हणजे बुरशीविरोधी औषध, आणि दुसरा, रुग्ण सोसू शकत असेल तर, खराब झडप काढून नवी बसवणे. जुने आणि भरवशाचे औषध ॲम्फोटेरिसिन. व्हेनेझुएलातल्या नदीकाठच्या मातीत सापडलेल्या एका सूक्ष्मजीवापासून १९५०च्या दशकात ते मिळाले. ते सलाइनमधून आठवडेच्या आठवडे द्यावे लागते. देताना थंडी वाजते, मूत्रपिंडाला इजा होते, रक्तातले पोटॅशियम घसरते, म्हणून रोज रक्त तपासावे लागते. त्याचाच सौम्य प्रकार आहे, पण तो कित्येक पटींनी महाग. पुढे कँडिडाच्या रुग्णाला फ्लुकोनॅझोलच्या गोळ्या दीर्घकाळ, कधी कधी जन्मभर घ्याव्या लागतात.

ॲम्फोटेरिसिन हे नाव नाशिककरांनी २०२१च्या मे महिन्यात ऐकलेले आहे. कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर 'काळी बुरशी', म्हणजे म्युकरमायकोसिस, पसरली तेव्हा महाराष्ट्र हे सर्वाधिक रुग्ण असलेल्या राज्यांपैकी एक होते. या इंजेक्शनसाठी नातेवाईक गावोगाव फिरत होते. ती बुरशी नाकातून शिरते, डोळ्यामागे जाते आणि तिथून मेंदू गाठते. गाल बधिर होतो, दात हलतात, डोळा सुजतो. अनियंत्रित मधुमेह आणि गरजेपेक्षा जास्त घेतलेले स्टेरॉइड ही तिची दोन मोठी कारणे होती. आणखी एक बारीक गोष्ट. ती बुरशी स्वतः काळी नसते. तिच्यामुळे रक्तपुरवठा बंद पडून मांस मरते आणि ते काळे दिसते. आजही तालुक्याच्या गावात ताप-सांधेदुखीवर 'ताकदीचे' म्हणून स्टेरॉइडचे इंजेक्शन सर्रास टोचले जाते. त्या काळातला धडा तिथे पोचलेला दिसत नाही.

खराब झडपेची सुरुवात घशात होते

बुरशी विरळ, पण ती ज्या खराब झडपेवर बसते ती आपल्या भागात विरळ नाही. ५ ते १५ वर्षांच्या मुलाचा घसा एका ठरावीक जीवाणूने सुजतो. उपचार होत नाहीत. दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, गुडघे, घोटे सुजतात, एक उतरतो तोवर दुसरा धरतो. सांधे बरे होतात आणि घरचे विसरतात. पण त्याच वेळी हृदयाची झडप सुजलेली असते. असे पुन्हा पुन्हा झाले की झडप जाड होते, नीट उघडत नाही किंवा मिटत नाही. याला संधिवाताचा हृदयरोग म्हणतात. हवेशीर नसलेल्या एका खोलीत दहा माणसे झोपतात, वसतिगृहात मुले दाटीने राहतात, तिथे तो जास्त. मुलींच्या बाबतीत पुष्कळदा तो पहिल्या बाळंतपणात उघड होतो. सातव्या-आठव्या महिन्यात सून झोपू शकत नाही, बसून रात्र काढते, आणि 'गरोदरपणात होतेच' म्हणून सोडून देतात.

हा रोग पुढे जाऊ नये म्हणून दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचे एक इंजेक्शन घ्यायचे असते. ते स्वस्त आहे, दुखते फार, आणि वर्षानुवर्षे घ्यावे लागते. अडचण औषधाची नाही, वारीची आहे. दिवाळीनंतर कुटुंब निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत किंवा वीटभट्टीवर जाते. मूलही जाते. दोन-तीन इंजेक्शने चुकतात, आणि पावसाळ्यात गावी परततात तेव्हा झडप आणखी बिघडलेली असते. फिटच्या गोळ्यांचेही असेच. कामावर निघण्याआधी कार्डावर पुढच्या तारखा लिहून देणे, दोन महिन्यांच्या गोळ्या बांधून देणे, बागेजवळच्या आरोग्य केंद्राचे नाव कळवणे, ही कामे आपले कार्यकर्ते करू शकतात. त्यांना गाजावाजा नाही, फोटोही येत नाही.

हे लिहिताना एक प्रश्न टाळता येत नाही. एका बुरशीच्या रुग्णाच्या औषधात किती मुलांना वर्षभर पेनिसिलिन देता येईल? फार मुलांना. मग निधी कोणाला द्यावा? हा हिशेब मांडणाऱ्यांना मी निर्दय म्हणणार नाही, तो मांडलाच पाहिजे. पण त्यातून 'दुर्मिळ आजाराला नाही म्हणा' असे उत्तर काढणे मला पटत नाही. दुर्मिळ रुग्णाचा शस्त्रक्रियेचा खर्च आपल्याला करायचाच नसतो. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत मेंदू, हृदय आणि कॅन्सरच्या अनेक शस्त्रक्रिया मान्यताप्राप्त रुग्णालयांत मोफत होतात, आणि संरक्षणाची मर्यादा आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत आहे. आश्रमशाळेतल्या आणि अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमात होते, आणि जन्मजात हृदयदोष सापडला तर पुढची शस्त्रक्रिया त्यातून होऊ शकते. नाशिकमध्ये शालिमारला विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय आहे, मुंबईत केईएम, नायर, जेजे आणि परळचे टाटा रुग्णालय आहे.

योजना देत नाही ते वेगळेच. सुरगाण्याहून नाशिकपर्यंतचे दोघांचे भाडे. कसारा घाट उतरून मुंबईत गेल्यावर राहायची जागा. दादरची गाडगेबाबांची धर्मशाळा कॅन्सरच्या रुग्णांना आणि त्यांच्या माणसांना आसरा देते, पण तिथे जागा मिळेपर्यंतच्या रात्री कुठे काढायच्या? बाप दोन महिने मजुरीला गेला नाही तर मागे राहिलेल्या लेकरांचे धान्य. रेशनकार्डावर नाव नाही म्हणून अडलेला अर्ज. एमआरआयची तारीख दीड महिन्याने मिळते तेव्हा बाहेर करायचा एक स्कॅन. माझ्या मते आपला पैसा इथे खर्च व्हावा. खासगी रुग्णालयाचे डिपॉझिट भरण्यात तो एका दिवसात संपतो आणि चौथ्या दिवशी रुग्ण पुन्हा रस्त्यावर येतो, हे पुष्कळदा पाहिले आहे. आणि ग्लिओब्लास्टोमासारखा आजार असेल तिथे जमीन विकून दूरच्या शहरात जाण्यापेक्षा दुखणे थांबवणारी औषधे आणि घरी येऊन बसणारे माणूस मोलाचे. हे कुटुंबाला स्पष्ट सांगायला धीर लागतो. पाळकांनी डॉक्टरांच्या बरोबरीने बसून ते सांगावे.

येत्या तिमाहीत मंडळीतर्फे कोणी रुग्ण पाठवणार असेल, तर काही कागद आधीच गोळा करावेत: रेशनकार्ड, आधारकार्ड, डॉक्टरांची चिठ्ठी, आणि आधी काढलेल्या सीटी स्कॅन वा इकोच्या फिल्म आणि अहवाल. नुसता अहवाल नको, फिल्मही हवी. ती गुंडाळून पत्र्यात खोचू नये, उन्हात आणि धुरात ती खराब होते. आजपर्यंत घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटे एका पिशवीत घालून आणावीत. औषधाचे नाव आठवत नसले तरी पाकिटावर ते छापलेले असते. ताप किती दिवसांपासून, फिट किती वेळा आणि पहिली कधी आली, हे कागदावर लिहून रुग्णाच्या खिशात ठेवावे. बरोबर येणारा माणूस रुग्णाच्या घरचा आणि त्याची बोली जाणणारा असावा.